मॅथ्स, पाचच्या आत

त्या दिवशी सर्व्हर चालू होता.

एवढी एक ओळ लिहायला मला पाच वर्षं लागली. बाकीच्या ओळी मी झरझर लिहिते. पत्रक लिहायचं म्हटलं की विद्यार्थी संघटनेतले सगळे माझ्याकडे बघतात. 'विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा बाजार मांडणाऱ्यांनो, जबाब द्या' अशी सुरुवात मी बसमध्ये उभ्याउभ्या लिहू शकते, इंग्रजीत, तेलुगूत, मोडक्या उर्दूत. हे मात्र मराठीत लिहितेय. का, ते पुढे कळेल. कारण चांगलं नाही.

गेल्या आठवड्यात इथं हैदराबादेत चिक्कडपल्लीला पोस्टर लावायला गेले होते. बोनालूचा, देवीच्या जत्रेचा आषाढ. गल्लीगल्लीत डप्पूवर काठी पडत होती, कडुलिंबाचे डहाळे विकायला बसलेल्या बायांभोवती हिरवा कडवट वास होता, आणि प्रत्येक नेट सेंटरच्या दाराशी बापलेकींच्या, मायलेकांच्या जोड्या हातात प्लास्टिकचं फोल्डर धरून उभ्या होत्या. प्रवेशाचा मोसम. आमच्या शहरात देवी आणि कौन्सेलिंग एकाच महिन्यात अंगात येतात.

मल्लेश अन्नाच्या सेंटरवर फोल्डरवाली एकही जोडी नव्हती. शटर अर्धं खाली. अन्ना आत खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होता. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या सुट्टीत मी याच दुकानात लोकांचे फॉर्म भरायची. माझी बोटं चालायची म्हणून त्यानं मला ठेवलं होतं. मी खाली वाकून आत शिरले आणि पहिला तो वास आला: तापलेल्या झेरॉक्सचा, ओल्या छत्र्यांचा आणि लक्ष्मीच्या फोटोपुढच्या स्वस्त उदबत्तीचा. पाच वर्षांत एक कणही बदलला नव्हता. मशिनं गेली, वास राहिला.

"बंद कररा मैं दुकान," अन्ना म्हणाला. "अब सब फोन पे हो जारा. तुम्हारा क्या है, पोस्टर? लगाव, शटर पे लगाव."

मी लावलं. त्यानं चष्मा चढवून वाचलं. पोस्टरवर वरच्या बाजूलाच लिहिलंय, दरवर्षी लिहितो आम्ही, फक्त वर्षांचा आकडा बदलतो: पाच वर्षांपूर्वी सर्व्हर बंद पडला आणि एका हुशार मुलीची गणिताची सीट गेली. आमच्या चळवळीची ती पहिली ओळ आहे. तिच्यावर आम्ही उभे आहोत.

अन्ना बराच वेळ वाचत राहिला. मग माझ्याकडे न बघता, खळीच्या डब्याचं झाकण लावत म्हणाला, "सर्वर कहां बंद था मा उस दिन? दो मर्तबा चाय दिया मैं तुमकू. तुम खाली स्क्रीन कू देखते बैठे थे."

मी पोस्टरचा सुटलेला कोपरा दाबत राहिले. त्यानं पुढे काही विचारलं नाही. खणातून एक जुना बिस्किटांचा डबा काढला. त्यात गिऱ्हाइकांनी विसरलेले कागद होते. फोटो, हॉलतिकिटं, कुणाचं तरी जातीचं सर्टिफिकेट. "तुम्हारे लोगां का कुछ है तो ले लेव, बाकी फेंक देतूं." डब्याच्या तळाशी वहीच्या पानाची एक पट्टी होती. कडेला हळदीचा डाग.

अक्षर प्रणिताचं. देवनागरीतलं. तिचं देवनागरी अक्षर मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही.

*

प्रणिता आणि मी लहानपणापासून अंबरपेठेत एकाच इमारतीत राहतो. ती तळमजल्यावर, आम्ही वर. दोन्ही घरं जुन्या निजामी मुलखातली, आमचं परभणीकडचं, त्यांचं बिदरकडचं. तिच्या बाबांना सगळी इमारत भाऊ म्हणायची. कोठीच्या बाजारात शाळेच्या युनिफॉर्मच्या कापडाच्या दुकानात ते गादीवर बसायचे, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा. मुसी नदीवरून वारा सुटला की मात्र सगळ्या इमारतीला एकच वास. मग आया फटाफट खिडक्या लावायच्या आणि आम्ही दोघी तिच्या घरातल्या मधल्या खोलीत, फरशीवर.

ती फरशी. काळी-पांढरी, चौकोनी, पायाला थंड. प्रणिताच्या आईनं चिंच फोडली की चिंचोके प्रणिताचे. ते धुवून, वाळवून एका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायचे. हात बरणीत घातला की खडखड व्हायची आणि बोटांना आंबूस वास लागायचा, जेवताना वरणभातालाही तो यायचा.

आठवीत असू. तिनं एका फरशीवर एक चिंचोका ठेवला. "एक." मग त्याच्या शेजारी, खाली आणि कोपऱ्यात असे तीन ठेवले. "एक आणि तीन?" "चार." मग त्याच्या दोन बाजूंनी पाच ठेवले. "आता?" "नऊ." मग सात. सोळा. चौकोन वाढत वाढत दारापर्यंत गेला आणि तिची आई ओरडली, "अगं पाय कुठं ठेवू मी?"

"विषम आकडे ओळीनं मिळवत जा," प्रणिता म्हणाली, "दरवेळी चौकोनच होतो. सांग का."

मी सांगितलं काहीतरी. ती ऐकून घ्यायची. चुकलं असं कधी म्हणायची नाही. म्हणायची, "परत सांग." मी परत सांगायची. "परत सांग." तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच कुठंतरी अडखळायला व्हायचं, आणि ती त्या जागेवर फरशीवर बोट ठेवायची. "इथं." बस, एवढंच. त्या 'इथं'मध्ये टोमणा नसायचा. मास्तरांनी लाल रेघ मारली की लाज वाटते. तिनं 'इथं' म्हटलं की उजेड पडायचा. गणित मला कधी झेपलं नाही, पण चूक कुठं राहते हे मी त्या फरशीवर शिकले.

त्या बदल्यात मी तिला मराठी वाचून दाखवायची. ती इंग्लिश मीडियमची, घरात मराठी बोलणारी, दारात तेलुगू, दुकानात दखनी. मराठी वाचायचं म्हटलं की बोट ठेवून ठेवून, एका ओळीला एक मिनिट. मी जामबागच्या मराठी शाळेतली. आमच्या वर्गात शेवटी शेवटी बाकं जास्त आणि पोरं कमी होती. पण सकाळी शाळेकडे जाताना फुलवाल्यांच्या टोपल्यांवरून येणारा तो गार, ओला वास. भिजवलेल्या पोत्यांखाली मोगरा आणि जाई, केळीच्या सोपटाचा दोरा, आणि त्यातूनच शाळेची घंटा. बाई विचारायच्या, "उशीर का झाला?" आणि कुणीतरी मागून म्हणायचं, "बाई, ती फुलांचा वास घेत येते." खरंच होतं ते.

जुन्या ट्रंकेत आमच्याकडे दिवाळी अंक होते. दुपारी मी पालथी पडून वाचायची, ती भिंतीला टेकून चिंचोके लावायची. मी थांबले की म्हणायची, "वाच की." तोंडात आवळासुपारी असायची तिच्या, त्यामुळे ते 'वाच की' नेहमी जरा ओलं यायचं.

*

मग दोघींची एकाच कॉलेजात इंटरची दोन वर्षं. त्या दोन वर्षांबद्दल मी दहा पत्रकं लिहिलीत, त्यामुळे इथं थोडक्यात. सकाळी सहाला आत, संध्याकाळी अंधारल्यावर बाहेर. दर आठवड्याला परीक्षा, आणि त्या मार्कांवर बाक. पहिल्या बाकावरची मुलं नावानं ओळखली जायची, शेवटच्या बाकावरची हजेरी नंबरानं. मेट्रोच्या खांबाखांबावर रँकांचे फ्लेक्स: एक, एक, दोन, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याखाली एक गोल चेहरा. गोल कापलेल्या त्या चेहऱ्यांना मान नसायची. हे कुणालाच कसं दिसत नव्हतं?

प्रणिता पहिल्या बाकावर असूनही तिला ती जागा आवडत नव्हती. "इथं 'का' म्हणून विचारता येत नाही गं," ती म्हणायची. "'का' विचारलं की सर म्हणतात, टाइम वेस्ट." म्हणून रविवारी आम्ही चिक्कडपल्लीच्या वाचनालयात जायचो. तिथं सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारी मोठी माणसं. टॉवेल टाकून जागा धरायची. वर पंखे कुरकुरत. कुणी कुणाशी बोलत नाही. बाहेर आलं की मिरची भज्यांची गाडी. आमच्यासारखीच भज्यांना चिकटून उभी असलेली तिशीतली दादा लोकं विचारायची, "क्या पढरे मा?" प्रणिता म्हणायची, "मॅथ्स." "उसके बाद?" "मॅथ्स." ते हसायचे. हसणं वाईट नव्हतं, पण त्यात फार थकवा होता.

निकाल लागले. तिच्यासमोर दोन जागा आल्या. एक, शहराच्या पश्चिमेला दगडांच्या माळावर असलेल्या सरकारी विद्यापीठात, गणित, पाच वर्षं सलग. दुसरी, शहराबाहेरच्या खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात, कम्प्युटर सायन्स. मला एकच जागा आली: तेच कॉलेज, तोच कम्प्युटर सायन्स.

दोन्ही बघायला आम्ही दोघीच गेलो. कॉलेजात काचेची भिंत, दारात कारंजं, रिसेप्शनवर आम्हाला आमरसाचे दोन ग्लास. तिथल्या माणसानं विचारलं, "पेरेंट्स कहां हैं?" आणि भिंतीवरचे नोकरी लागलेल्यांचे फोटो दाखवले. पुन्हा मान नसलेले चेहरे. विद्यापीठात मात्र आम्हाला कुणीच काही विचारलं नाही. एकावर एक रचून ठेवल्यासारखे मोठाले दगड, त्यांच्या सावलीत एक म्हातारा माळी डबा खात होता. एका उघड्या वर्गात आम्ही शिरलो. फळ्यावर कुणाची तरी सिद्धता अर्धी लिहून सोडलेली. प्रणिता तिथं किती वेळ उभी होती सांगता येत नाही. मला तहान लागली, मी जाऊन पाणी पिऊन आले, तरी ती उभीच.

"अर्धं सोडून कसे जातात गं लोक?" ती म्हणाली. आणि तिनं खडू घेतला नाही. नुसतं हवेत बोटानं पुढचं लिहिलं.

परतीच्या बसमध्ये तिनं सांगितलं, ठरलं. मी म्हणाले, मस्त. आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सगळा रस्ता.

*

जागा मान्य करायच्या आठवड्यात तिला कांजण्या निघाल्या. आमच्याकडे हैदराबादेत म्हणतात, घरात अम्मा आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा, अंथरुणावर कडुलिंबाची पानं, खोलीत अंधार, फोडणीचा वास नको, मोबाइल नको, डोळ्यांवर ताण येतो. बाहेर बोनालूचे घट डोक्यावर घेऊन बाया अंबरपेठच्या देवळाकडे निघालेल्या, डप्पू वाजतोय, आणि आत माझी मैत्रीण पानांवर पडून खाज सहन करत दिवस मोजतेय.

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं मला मागच्या खिडकीशी बोलावलं. जाळीतून तिचा हात आला. हातभर पुरळ, आणि त्यावर तिच्या आईनं लावलेली हळद. बोटांत वहीच्या पानाची पट्टी, वर दोन्हीकडचे लॉगिन, पासवर्ड. खाली देवनागरीत, बोट ठेवून वाचतात तसं बोट ठेवून लिहिलेलं: मॅथ्स. पाचच्या आत.

"मराठीत कशाला लिहिलंस?"

"तू दुसरं काय वाचशील न वाचशील. हे वाचशील." मग जाळीला डोकं टेकवून म्हणाली, "दुसऱ्या कुणाला देऊ नको. अन्नालाही नको. तूच दाब."

दुसऱ्याच्या जागा आपण भरायच्या, हे आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. गल्लीत ज्याची बोटं चालतात त्याच्या खिशात साऱ्या गल्लीचे पासवर्ड. त्या मोसमात माझ्याकडे नऊ पोरांच्या पट्ट्या होत्या. आया येऊन म्हणायच्या, "तूच भर गं बाई, आम्हाला त्यातलं काय कळतं." मला त्याचा अभिमान होता. आज मी ओरडून ओरडून सांगते, पोरांनो, पासवर्ड कुणाला देऊ नका, एजंटाला देऊ नका, कॉलेजच्या माणसाला देऊ नका. टाळ्या पडतात. 'मैत्रिणीला देऊ नका' हे मात्र मी कधी म्हटलेलं नाही.

साडेतीनला मी अन्नाच्या सेंटरवर बसले. आधी दोघींच्या इंजिनीअरिंगच्या जागा पानावर दिसतात का ते बघितलं. दिसत होत्या. मग दुसऱ्या खिडकीत विद्यापीठाचं पान उघडलं. तिचं नाव, तिचा फोटो, खाली हिरवं बटण. मान्य.

तेवढ्यात भाऊ आले. दुकानातून थेट, कपाळाला देवळातला भंडारा, हातात छत्री. शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले. त्या खुर्च्यांवर मोठी माणसं नेहमी अवघडूनच बसायची, जणू परीक्षा त्यांचीच.

"झालं का बाई तिचं?"

"आताच करायले भाऊ."

"ताप उतरंना तिचा." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "तुला खरं विचारू? गणिताला जाऊन पुढं काय असतं?"

आता बघा. माझ्याजवळ उत्तर होतं. फरशी होती, चिंचोके होते, फळ्यासमोर हवेत लिहिणारं बोट होतं. मी म्हणाले, "पुढं काय भाऊ. शेवटी टीचरच."

"आन् हे दुसरं?"

"ह्याच्यात जॉब असतो."

त्यांनी छत्री खुर्चीला टेकवली. मग म्हणाले, "ती तर मॅथ्स म्हणायली."

"हौ, तिनं मॅथ्सच म्हणलंय."

"तिचं मला माहीत आहे गं. मी तुझं विचारायलो. तू तिची मैत्रीण. मी आडवा पडलो तर जन्मभर बोलंल मला. तू करशील ते बराबर." आणि उठले. छत्री विसरून गेले. मी हाक मारली नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी मी इंजिनीअरिंगच्या पानावर जाऊन तिची जागा पक्की केली. मग विद्यापीठाच्या पानावर परत आले. बटण तिथंच होतं. अजूनही दाबता आलं असतं. दोन्ही दाबता आली असती, मग एक सोडता आली असती, तसं चालायचं. अन्नानं चहा दिला. मी प्यायले. बाहेर पोतराजू चाबूक वाजवत गेला, मागे पोरांचा घोळका, नेट सेंटरमधली सगळी उठून दाराशी गेली. मी एकटी स्क्रीनपुढे. अन्नानं दुसरा चहा दिला. त्यावर साय धरली. चाळीस मिनिटं मी त्या हिरव्या बटणाकडे बघत बसले आणि दाबलं नाही. पाच वाजले. बटण राखाडी झालं.

भाऊंमुळे? नाही. भाऊंनी मला मोकळं सोडलं होतं. तिचं भलं व्हावं म्हणून? छे. मी नोकरीबिकरीचा विचारही केला नव्हता. मला त्या कॉलेजच्या पिवळ्या बसमध्ये चार वर्षं एकटीला बसायचं नव्हतं. एवढंच. यावर पत्रक निघत नाही.

*

खिडकीशी जाऊन मी सांगितलं, सर्व्हर डाउन होता. पाचपर्यंत पान उघडलंच नाही. मी तुझी दुसरी तरी वाचवली.

आत कडुलिंबाची पानं सळसळली. मग ती म्हणाली, "तू तरी काय करणार."

पुढच्या आठवड्यात मी पहिलं पत्रक लिहिलं. रागानं लिहिलं. राग खरा होता, ही गंमत बघा. तो कुणावर होता तेवढं खोटं होतं. 'तुमचा सर्व्हर बंद, आमचं भविष्य बंद.' अन्नाच्याच मशिनवर त्याच्या प्रती काढल्या. विद्यापीठाच्या गेटसमोर आम्ही तीसजण बसलो, आणि प्रणिता माझ्या शेजारी फलक धरून, कपाळावर कांजण्यांचे ताजे खड्डे. संघटनेच्या लोकांनी माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, ये आमच्यात. अशी मी कार्यकर्ती झाले.

इतर शंभर बाबतींत मी खरं बोलले आहे. पोरांना कोंडून ठेवणारी होस्टेलं खरी आहेत. पासवर्ड घेऊन पळणारे एजंट खरे आहेत. त्यातल्या एकाची मी कॉलर धरली होती. तो म्हणाला, "मैं तो बच्चे की भलाई के लिए किया." मी त्याच्या थोबाडीत मारली. हात अजून आठवतो मला, कसा झिणझिणला ते.

पिवळी बस मिळाली. शेजारची जागा मिळाली. पहिल्या वर्षी ती खिडकीच्या धुक्यावर बोटानं चौकोन काढायची. एकदा वर्गात उभी राहून तिनं विचारलं, सर, हे असंच का होतं? सर म्हणाले, "एक्झामला येत नाही. बैठो." पोरं हसली. दुसऱ्या वर्षी ती माझ्या असाइनमेंट्स करून द्यायला लागली. तिसऱ्या वर्षी बसमध्ये कानात इअरफोन घालून झोपायला लागली. आम्ही बोलत होतो, रोज बोलत होतो, डब्यातलं वाटून खात होतो. पण चार वर्षांत ती मला एकदाही 'परत सांग' म्हणाली नाही, आणि मीही तिला काही वाचून दाखवलं नाही.

आता ती हायटेक सिटीत एका कंपनीच्या वेबसाइटची तपासणी करते. बटण दाबलं की पान उघडतं का, हे दिवसभर बघते. भाऊ खूश आहेत. चिंचोक्यांची बरणी मी मध्यंतरी विचारली तर तिची आई म्हणाली, "ती? त्यात मेथीदाणे भरलेत."

*

इथपर्यंत मी रविवारी लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण प्रणिताला मराठी धड वाचता येत नाही. म्हणजे लिहून मोकळं व्हायचं आणि तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. असं काम मला चांगलं जमतं.

सोमवारी ती वर आली. यंदाच्या पत्रकासाठी तिची हकीकत हवी होती. सर्व्हर बंद पडला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, असले प्रश्न आमच्या एका नव्या पोरीनं काढून दिले होते. प्रणिता कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून आमच्या फरशीवर बसली, भिंतीला टेकून. कपाळावरचे दोन खड्डे अजून आहेत. टेबलावर ही पानं पडली होती, वर ती हळदीची पट्टी.

तिनं पट्टी उचलली. स्वतःचं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला.

"हे कुठं सापडलं?"

"अन्नाकडं."

"आणि हे काय लिहिलंस एवढं?"

मी पानं उलटी ठेवली. तिनं पाय फरशीवर लांब केले आणि म्हणाली, "वाच की."

खोटं वाचता आलं असतं. समोर कागद धरून दुसरंच काहीतरी, दिवाळी अंकातलं. तिला कळलं नसतं. मी पहिली ओळ वाचली.

मग थांबता आलं नाही. खाली गल्लीत डप्पू वाजत होता, आई स्वयंपाकघरात कुकर लावत होती. फरशी, शाळा, दगडांचा माळ, खिडकीची जाळी, सगळं वाचलं. भाऊंचं बोलणं आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. कपाळावर हात नेला नाही, रडली नाही, उठली नाही. मी बरणीतल्या मेथीदाण्यांपर्यंत आले आणि पानं खाली ठेवली.

"परत वाच," ती म्हणाली. "बटणापासून."

मी बटणापासून वाचलं. चहा, पोतराजू, साय, पाच वाजले.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचताना मी बटणापाशी अडखळले नाही, भाऊंपाशी अडखळले नाही. पिवळ्या बसमध्ये एकटीला, असं आलं आणि तिथं पुढचा शब्दच फुटेना.

तिनं माझ्या हातातलं पान वाकवून आपल्याकडे घेतलं. ओळ शोधली. एकेक अक्षर, बोटाखाली धरून, ओठ हलवत, स्वतः वाचली. एक मिनिट लागलं असेल. मग बोट तिथंच ठेवून ती म्हणाली,

"इथं."

पट्टी तिनं ओळखपत्राच्या मागे, प्लास्टिकमध्ये सरकवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.